हात लावू नये

आमच्या वसतिगृहात रविवारची सकाळ श्रमदानाची असे. पाण्याची टाकी घासणे, खोल्या झाडणे, स्वयंपाकघरातील मोठी पातेली राखेने लख्ख करणे, यांपैकी काही ना काही प्रत्येकाच्या वाट्याला येई. या सफाईतून एकच वस्तू वगळलेली होती : ग्रंथालयाच्या कोपऱ्यातील संगणक. त्याच्यावर भरतकाम केलेले आच्छादन असे आणि मागच्या भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी होती, 'हात लावू नये'.

तो संगणक माजी विद्यार्थी आणि पालक यांच्या वर्गणीतून आला होता. माझ्या आईने मजुरीतून बाजूला ठेवलेले पन्नास रुपये त्यात होते. 2002 साली, मी नववीत असताना, मार्चअखेरच्या एका दुपारी माझी पाळी आली. मराठी टंकलेखनाचा सराव करता करता पडदा अचानक काळा झाला. पुन्हा चालू केला, तर पाच मिनिटांत पुन्हा बंद. मला कोणी रागावले नाही. पण मुलांच्या नजरा मला पुरेशा होत्या. तालुक्याहून आलेल्या दुरुस्तीवाल्याने खोके न उघडताच 'मदरबोर्ड गेला' असा निकाल दिला आणि खर्चाचा जो आकडा सांगितला, तो ऐकून अधीक्षक गप्प झाले. पुढचे तीन आठवडे मला धड झोप लागली नाही. आईच्या पन्नास रुपयांचे आपण काय केले, हा एकच विचार मनात घोळत राही.

एका रविवारी श्रमदानाची यादी वाचताना विज्ञानाच्या सरांनी माझ्या नावापुढे 'संगणक' असे वाचले. मी जागच्या जागी थिजलो. सर म्हणाले, "अरे, बंद तर तो आहेच. समजून उमजून उघडला, तर आणखी काय बिघडणार आहे?"

त्या सकाळी शिकलेला क्रम मी आजही मोडत नाही. आधी वीज बंद केली, वायर भिंतीतून काढली. मग चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरले, म्हणजे आत उरलासुरला विद्युतभार निघून जातो. खोके व्हरांड्यात आणले. कोरड्या हवेत अंगावर साठलेली स्थितिक वीज नाजूक भागांना मारक ठरते, म्हणून सरांनी मला प्रथम खोक्याच्या उघड्या धातूला हात लावायला सांगितला. मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला आणि आम्ही दोघेही पाहतच राहिलो. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये, राखाडी धुळीचा घोंगडीसारखा जाड थर बसला होता.

सरांनी समजावले : प्रोसेसर काम करताना तापतो. ती उष्णता पाती ओढून घेतात आणि पंखा ती उडवून लावतो. पात्यांमधली वाट बुजली, की उष्णता आतच कोंडते आणि मर्यादेबाहेर तापलेले यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. त्यात ते आच्छादन! संगणक चालू असतानाही ते अर्धे मागे लोंबत असे आणि हवेच्या झरोक्यांवर पडे. ज्या वस्त्राने आम्ही त्याचा मान राखत होतो, त्यानेच त्याचा श्वास कोंडला होता.

रंगकामाच्या कोऱ्या मऊ ब्रशने धूळ सैल केली आणि सायकलच्या पंपाने उडवली. तोंडाने फुंकर मारायची नाही, कारण ओलावा आत जातो. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवायचे, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बिघडतो. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलकेच घासले, भुगा कोरड्या कापडाने झटकला आणि पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या लागेपर्यंत दाबून बसवली. वीजपुरवठ्याची पेटी मात्र सरांनी उघडू दिली नाही. वायर काढल्यावरही तिच्यात जिवावर बेतेल एवढा भार साठून राहू शकतो. कुठे हात घालायचा नाही, हेही मला त्याच दिवशी कळले.

पुन्हा जोडणी करून बटण दाबले. सरांनी मला समोर बसवले आणि घड्याळ लावले. पाच मिनिटे झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. पडदा उजळच राहिला. मदरबोर्ड कुठेही गेलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवी पाटी आली, 'वीज बंद करून, हात कोरडे करून, हात लावावा'.

आज कार्यालयातला माझा संगणक मी दर तीन-चार महिन्यांनी उघडतो. रोज सकाळी तारीख चुकू लागली, तर मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा गोल सेल बदलतो. पाती प्रोसेसरवरून उचलावी लागली, तर जुनी वाळलेली पेस्ट पुसून नव्या पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका लावतो. पडद्यावर पाणी कधीच शिंपडत नाही, कापड ओलसर करून पिळून घेतो. जळका वास आला किंवा मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले दिसले, तर जाणकाराकडे नेतो. पण काय विचारायचे, ते ठाऊक असलेला माणूस म्हणून जातो. न उघडताच दिलेला निकाल मी तेव्हापासून स्वीकारलेला नाही, यंत्राच्या बाबतीत नाही आणि माणसाच्या बाबतीतही नाही.

त्या मे महिन्यात सुट्टीला घरी गेल्यावर मी आईला सारी हकिकत सांगितली : तीन आठवड्यांचा धसका, दुरुस्तीवाल्याचा आकडा, सायकलचा पंप. भाकरी थापता थापता तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "धूळच हुती नव्हं? मग आधीच पुसायची की!"