परगावी गेलेले काम

माझ्या वडिलांना इंग्रजी येत नाही. पण ओरडा कोणत्याही भाषेतला असो, त्यांना तो कळतो. परवा माझा भाचा फोनवर एक चित्रफीत पाहत होता. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरी फेब्रुवारी २०१६ मध्ये कॅरिअर कंपनीच्या एका अधिकाऱ्याने कामगारांना गोळा करून सांगितले, की घरे उबदार ठेवणाऱ्या भट्ट्यांचे काम आता मेक्सिकोतल्या मॉन्टेरे शहरी जाणार. समोरून एकच गलका उठला. तात्या चष्मा पुसत म्हणाले, "गिरणी बंद पडली वाटतं."

"बंद नाही पडली तात्या, परमुलखात चालली."

"तोट्यात होती?"

खरी गोम तिथेच होती. कंपनी ज्यांच्या छत्राखाली होती, त्या युनायटेड टेक्नॉलॉजीजने आदल्याच वर्षी ७ अब्ज डॉलरच्या वर नफा मिळवला होता. पण इंडियानापोलिसला ताशी २० डॉलरच्या वर मजुरी पडे, आणि मॉन्टेरेत ३ डॉलरच्या आसपास भागे. माणसे होती सुमारे १४००. मी शाळामास्तर, हा गुणाकार करायला मला पाटी लागली नाही. पुढे इंडियाना राज्याने ७० लाख डॉलरची सवलत देऊ केली, तेव्हा ८०० च्या आसपास कामे तिथे राहिली, उरलेली गेलीच. नफ्यातल्या माणसाला सरकारने आणखी द्यावे आणि त्याने उपकार केल्यासारखे थांबावे, याचे मला हसू आले. तात्यांना आले नाही.

तात्या लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चार वर्षांचा होतो. दत्ता सामंतांचे नाव आमच्या खोलीत देवाच्या नावासारखे घेतले जाई. अडीच लाखांच्या आसपास माणसे घरी बसली. पण दुकानांतले कापड काही संपेना. ते भिवंडीला विणले जात होते, पत्र्याच्या छपराखाली, गिरणीच्या पगाराहून कितीतरी कमी मजुरीत. दुसऱ्या वर्षी आईची बोरमाळ गेली, आणि मग एका पहाटे तात्याही गेले. शेजारीपाजारी आई सांगे, "गावी गेलेत, भातलावणीला." रविवारी रात्री उशिरा ते येत, तेव्हा त्यांच्या केसांत कापसाची पूस असे. आई दार लावून घेऊन मगच ती झटके. भातलावणी करून आलेल्या माणसाच्या डोक्यात कापूस कसा, हे विचारण्याइतका मी मोठा नव्हतो. आणि मोठा झाल्यावर विचारण्याची सोय नव्हती. ज्या संपासाठी त्यांनी घोषणा दिल्या होत्या, तो मोडणारे कापड तेच विणत होते.

भाच्याने फोन बंद केला. बोलता बोलता तो मॉन्टेरेच्या लोकांना काहीतरी वाईट बोलला. तात्यांनी त्याच्याकडे नुसते पाहिले. नंतर माझ्याकडे वळून विचारले,

"तिथं पाळी किती तासांची असंल रे?"

उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. सुपारीचे खांड तोंडात टाकीत म्हणाले, "भिवंडीला आमची बाराची होती."

चाळीस वर्षांत भिवंडीचे नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.