मूळ प्रत आणि डिस्कची जागा

सबव्हर्जनमधून प्रकल्प चेकआउट केला की तो डिस्कवर दोनदा उतरतो. एक प्रत आपण लिहितो-खोडतो ती, दुसरी ‘.एसव्हीएन’ या लपलेल्या फोल्डरात, कुणी हात न लावलेली मूळ प्रत. ४० जीबी चित्रं असली की ८० जीबी गेलेच समजा. २५६ जीबीच्या लॅपटॉपवर भालकीत बसून पुण्याचं काम करायचं तर हे जड जातं. त्या दुसऱ्या प्रतीला फुकटखाऊ म्हणणारे त्यामुळे बरेच भेटतात.

मला ते पटत नाही. २००० साली सबव्हर्जनचं काम सुरू झालं तेव्हा नेटवर्क महाग होतं. आपण काय बदललं हे बघायला किंवा बदल रद्द करायला सर्व्हरकडे धावावं लागू नये, म्हणून ही प्रत. आधीच्या सीव्हीएसमध्ये नुसता फरक बघायलाही सर्व्हर लागे. पुण्यात हा हिशेब जुना झाला असेल. इथे वळवाच्या पावसात लाईट जाते, मागोमाग वायफाय जातं, मोबाईलचं नेट रांगायला लागतं आणि बॅटरीवर लॅपटॉप तेवढा चालू राहतो. बियाण्याची ज्वारी पोतंभर जागा अडवते म्हणून कुणी दळायला नेत नाही.

गिट तर सगळा इतिहासच घरी आणतं. मजकूर ते इतका दाबून ठेवतं की वर्षानुवर्षांचा कोड थोडक्यात मावतो. फुगतं ते मोठ्या बायनरी फायलींनी. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोजचा कोड गिटमध्ये आणला, तो सुमारे ३०० जीबी आणि ३५ लाख फायली. त्यासाठी त्यांनी वेगळी आभासी फाइल-सिस्टीमच बांधली.

आपलं त्याहून साध्यात भागतं. शॅलो क्लोन इतिहास कापतो, मग अमुक ओळ कुणी लिहिली हे ‘ब्लेम’ नीट सांगू शकत नाही. एकदा बिल्ड करून टाकून द्यायच्या प्रतीला तो चालतो. पार्शल क्लोन मला जास्त आवडतो: कमिट सगळे येतात, जुन्या फायलींचा मजकूर लागेल तेव्हा येतो. पण लागतो तेव्हाच नेट नसतं! म्हणून जो भाग चाळायचा आहे, त्यावर लाईट असतानाच ‘ब्लेम’ चालवून मजकूर ओढून घ्यावा. जोडीला स्पार्स चेकआउट, म्हणजे नको ती फोल्डरं समोर येतच नाहीत. दुसऱ्या ब्रँचसाठी दुसरा क्लोन करणं मात्र निव्वळ उधळपट्टी. २०१५ पासून वर्कट्री आहे, दोन फोल्डरांना एकच इतिहास पुरतो.

(खरं तर डिस्क खातात ती बिल्डची फोल्डरं. ‘गिट क्लीन’ आधी काही न पुसता, नुसतं ‘ड्राय रन’ म्हणून चालवून यादी बघावी, मगच पुसावं.)

सबव्हर्जनच्या विकासकांनीही मूळ प्रत मागणीनुसार आणायची सोय लिहिली आहे. चित्रांचा चेकआउट वेगळा करून तिथे ती मी खुशाल वापरीन. कोडची मूळ प्रत घरातच राहील.