विलायतेला निघालेल्या लेकरांसाठी

परदेशी जाणे ही आता केवळ साहेबांच्या पोरांची गोष्ट राहिलेली नाही. आपल्या वस्त्यांमधल्या मुली नर्सिंग शिकून इंग्लंडला जात आहेत आणि नवरा-मुलांनाही सोबत नेत आहेत. घरात व्हिसा, तिकीट, पगार, कर्ज यांची चर्चा रात्र रात्र चालते. परंतु ज्या लेकराची शाळा, मैत्रीण, गल्ली आणि आजी एका दिवसात सुटणार असते, त्याच्याशी मात्र कोणी बोलत नाही. "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हटले की विषय संपला! म्हणून हा लेख आम्ही मुलांसाठी लिहीत आहोत. आईबापांनी तो वाचून दाखवावा आणि स्वतःही ऐकावा.

२०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता आमच्या मावसबहिणीकडे वुल्व्हरहॅम्प्टन शहरी तीन आठवडे राहून आलो. बहीण तेथे सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मेहुणे उल्हासनगरला रिक्षा चालवीत, आता गोदामात रात्रपाळी करतात. मुलगी बारा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. मुलांनीच आम्हाला गाव दाखवले आणि येण्याआधी आपल्याला कोणी काय काय सांगितले नव्हते, तेही सांगितले.

लंडनच्या यूस्टन स्टेशनावरून आगगाडीने सुमारे दोन तासांत हे शहर येते. बर्मिंगहॅमच्या शेजारचा हा मुलूख कोळशाचा, लोखंडाचा, कुलपांच्या कारखान्यांचा. धुराने काळवंडलेला म्हणून या भागाला 'ब्लॅक कंट्री' म्हणजे काळा मुलूख असे नाव पडले. एकमेकांना चिकटून उभी असलेली लाल विटांची कामगारांची घरे पाहून आम्हाला आपल्या चाळी आठवल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर येथील भट्ट्यांवर आणि बसगाड्यांवर राबायला वेस्ट इंडीज व पंजाबातून माणसे आली. १९६८ साली येथलाच खासदार इनॉक पॉवेल याने बर्मिंगहॅमच्या सभेत बाहेरून आलेल्या लोकांविरुद्ध विषारी भाषण केले. त्याच सुमारास शीख बस-कामगारांना पगडी-दाढी ठेवून कामावर येण्यास बंदी होती. त्यांनी लढा दिला आणि १९६९ मध्ये ती बंदी उठली.

पंजाबातून आलेल्यांत बाबासाहेबांचे अनुयायीही होते. त्यांनी या शहरात बुद्ध विहार उभारले. आम्ही तेथे गेलो तेव्हा भाच्याने एका पंजाबी आजोबांना मोठ्याने जयभीम केला, आजोबांनीही तितक्याच मोठ्याने उत्तर दिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण काही अडले नाही. तेव्हा मुलांनो, पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. तुम्ही परक्या दारात उभे असलेले पहिलेच कोणी नाही. तुमच्या आधी माणसे आली, राबली, भांडली आणि ताठ मानेने राहिली.

आता शाळेचे. तेथे वर्ग वयावरून ठरतो. अकरा वर्षे पूर्ण झालेले मूल सप्टेंबरात सातव्या इयत्तेत, म्हणजे मोठ्या शाळेत जाते. इंग्रजी येत नाही म्हणून सहसा खालच्या वर्गात बसवीत नाहीत. सरकारी शाळेला फी नाही, गणवेश मात्र लागतो. बाईंना 'मिस' आणि गुरुजींना 'सर' म्हणतात. प्रश्न विचारला तर उद्धटपणा समजत नाहीत, उलट गप्प बसणाऱ्याची काळजी करतात. जेवणात काय चालते, काय चालत नाही, ते पहिल्याच दिवशी सांगावे. भाकरीचा डबा न्यायला लाजू नये.

भाषेचे भय सर्वांत मोठे. आमची भाची येथे इंग्रजीत वर्गात पहिली होती. तेथे पहिले चार महिने ती शाळेत जवळजवळ मुकी झाली. ऐकणे चालू असते, जीभ मात्र उचलत नाही. नव्या भाषेत पडलेल्या पुष्कळ मुलांचे असे होते, तो मठ्ठपणा नव्हे. शिवाय पुस्तकातली इंग्रजी वेगळी आणि गल्लीतली वेगळी. त्या मुलखातले जुने लोक 'यू आर' न म्हणता 'यू ॲम' म्हणतात! म्हणून निघण्यापूर्वी तीन वाक्ये पाठ करा: मला समजले नाही, पुन्हा सांगाल का, मला मदत हवी आहे. एवढ्यावर पहिला महिना निघतो. मराठी मात्र सोडू नका. आजीला फोनवर खोकला किती झाला हे तुम्ही कोणत्या भाषेत विचारणार? फोन करताना घड्याळ पाहा. हिवाळ्यात आपण त्यांच्यापुढे साडेपाच तास असतो, उन्हाळ्यात साडेचार. डिसेंबरात तेथे दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. त्या दिवसांत उगाच रडू येते. आल्यास रडावे, पण घरात सांगून रडावे.

आता जे सांगणे सर्वांत अवघड, ते सांगतो. भाचीच्या वर्गात एक भारतीय मुलगी होती. दोघींची चांगली गट्टी जमली. एके दिवशी तिने भाचीला पूर्ण आडनाव विचारले, मग गाव विचारले. पुढच्या आठवड्यापासून डबा वाटून खाणे बंद! भाचीने हे महिनाभर मनात ठेवले आणि शेवटी आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे मामीला, सांगितले. समुद्र ओलांडला की जात बुडते, असा आपल्या लोकांचा समज आहे. ती बुडत नाही, सामानाबरोबर जाते. बहिणीने शाळेत जाऊन बाईंना जात म्हणजे काय ते समजावून सांगितले. बाईंनी ते पहिल्यांदाच ऐकले होते, पण त्यांनी ऐकले आणि लक्ष घातले.

म्हणून मुलांनो, कोणी रंगावरून चिडवो की आडनावावरून तोलो, त्याच दिवशी घरी सांगा. दोष तुमचा नाही. तेथे प्रत्येक सरकारी शाळेला मुलांचा छळ रोखण्याचे नियम करावेच लागतात. २०१० च्या समता कायद्याने वंश, वर्ण व धर्म यांवरून भेदभाव करणे बेकायदा आहे. जात हा शब्द त्या कायद्यात अजून स्वतंत्रपणे बसवलेला नाही, परंतु वांशिक मूळ या कलमाखाली ती येऊ शकते असे २०१४ मध्ये तेथील अपील न्यायाधिकरणाने म्हटले आहे. घरी बोलवत नसेल तर चाइल्डलाइनचा ०८०० ११११ हा फोन मुलांसाठी फुकट आहे.

आईबापांना दोन शब्द. मूल चार महिन्यांत इंग्रजी बोलू लागते आणि घरातले प्रत्येक पत्र त्याच्या हातात येते. घरभाड्याची नोटीस, बँकेचा कागद, दवाखान्याची चिठ्ठी. भाची सकाळी शाळेआधी वडिलांची पत्रे वाचून दाखवी. बारा वर्षांच्या पोरीला घरावरचे कर्ज किती हे पत्रातून कळावे, हे बरे नव्हे. दवाखान्यात दुभाषी मागा, तो फुकट मिळतो. मेहुण्यांनी आता स्वतःच इंग्रजीचा वर्ग लावला आहे.

आणि एजंटाच्या शब्दावर घर विकू नका. म्हाताऱ्यांची देखभाल करण्याच्या कामावर नव्याने जाणाऱ्यांना ११ मार्च २०२४ पासून मुले नेता येत नाहीत, आणि जुलै २०२५ पासून त्या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद झाली आहे. नर्सला कुटुंब नेता येते. हा फरक कागदावर पाहून घ्या.

मुलांनो, लंडनला गेलात तर किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे घर पाहून या. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तेथे राहून शिकले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतले. त्यांची बायको-मुले तेव्हा मुंबईत होती. तुम्ही तर आईबापांसोबत जात आहात. निघण्यापूर्वी शाळेत जाऊन बाईंचा आणि मैत्रिणींचा नीट निरोप घ्या, पत्ते वहीत लिहून घ्या, आणि मनात जे जे विचारायचे आहे ते आईबापांना आजच विचारा. विचारायचा तुमचा हक्क आहे.