दोन छत्र्या

आजवर आम्ही दोघांनी जे काही जग पाहिले, ते एका छत्रीच्या मागून. काश्मीर असो की सिंगापूर, प्रवासी कंपनीचा व्यवस्थापक रंगीत छत्री उंच धरून पुढे आणि आम्ही चाळीस माणसे त्याच्या मागे. छत्री थांबली की थांबायचे, चालू लागली की चालायचे. मला त्यात काही गैर वाटत नसे. सकाळी पोहे, रात्री वरणभात, खोलीची किल्ली आयती हातात. डोके चालवायचे कामच नाही. कचेरीत पस्तीस वर्षे डोके चालवून झाल्यावर माणसाला आणखी काय हवे?

पण एकदा दल सरोवराच्या काठी सौभाग्यवती बाकावर टेकते न टेकते तोच छत्री हलली. उठता उठता ती म्हणाली, “पुढच्या वेळी आपण दोघंच जाऊ. बसावंसं वाटलं तर बसता तरी येईल.” मी “बघू” म्हणालो. नवऱ्याच्या तोंडच्या ‘बघू’चा अर्थ प्रत्येक बायकोला ठाऊक असतो. हिने मात्र तो मानला नाही. मी निवृत्त झालो त्याच आठवड्यात तिने दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिले, त्याखाली ‘इटली’ लिहिले आणि वही माझ्यापुढे सरकवली.

इटलीच का, हे मी विचारले नाही. पिसाचा कलता मनोरा, रोमचे कलोसियम, व्हेनिसच्या होड्या ही चित्रे मी कॅलेंडरांवर पाहिली होती. हिनेही तीच पाहिली असणार, असे मी धरून चाललो.

आठवडाभर खपून मी बारा दिवसांचा बेत तयार केला. रोम, नेपल्स, पाँपेई, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, व्हेरोना, मिलान आणि शेवटी कोमो सरोवर. रेल्वेच्या वेळापत्रकासारखा चोख! तो मी मोठ्या अभिमानाने वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर तिने एकच प्रश्न केला, “बॅगा किती वेळा भरायच्या?”

मी मोजल्या. सात वेळा भरायच्या होत्या.

“एकदा मुक्काम हलवायचा म्हणजे अर्धा दिवस गेला,” ती म्हणाली, “म्हणजे साडेतीन दिवस बॅगांनीच इटली पाहायची. आणि फ्लॉरेन्सला किती ठेवलाय वेळ?”

“अर्धा दिवस. दुपारी पिसा आहे ना!”

यावर ती काही बोलली नाही. वाटीतले शेंगदाणे सोलत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “तिथे राजाराम महाराजांची छत्री आहे.”

मला वाटले, हिच्या मनात कोल्हापूर आणि इटली यांची गल्लत होते आहे. माहेर कोल्हापूरचे ना! पण गल्लत माझ्याच अज्ञानाची होती. हिचे आजोबा राजाराम कॉलेजात शिकलेले. ज्यांचे नाव कॉलेजाला दिले त्या महाराजांची गोष्ट ते नातवंडांना सांगत. कोल्हापूरचे हे तरुण छत्रपती 1870 साली विलायतेला गेले आणि परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघे वीस. रोम त्या वेळी राजधानी झालेले नव्हते. नव्या इटलीची राजधानी फ्लॉरेन्सच होती. त्या गावात हिंदू पद्धतीने दहन कोणी पाहिलेले नव्हते. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. पुढे 1874 मध्ये त्या जागी त्यांचा अर्धपुतळा बसवून वर छत्री उभारली.

“आजोबांना ती पाहायची होती,” ती म्हणाली. “त्यांचं राहून गेलं. मला वाटलं, आपण जातोच आहोत तर...”

लग्नाला बत्तीस वर्षे झाली होती. इतक्या वर्षांत मी हिला कुठे कुठे नेले. पण ‘तुला कुठे जायचे आहे?’ असे एकदाही विचारले नव्हते. मी वहीतली ती पाने फाडली नाहीत. त्यांवर एक तिरकी रेघ मारली आणि नवे पान काढले.

नव्या पानावर तीनच मुक्काम आले. रोम चार रात्री, फ्लॉरेन्स चार, व्हेनिस तीन. विमानाने रोमला उतरायचे आणि व्हेनिसहून परतायचे, म्हणजे आल्या वाटेने मागे फिरायला नको. पाँपेई गेले, पिसा गेले, कोमोही गेले. मला खरे दुःख झाले ते मिलानचे. लिओनार्दोचे ‘अखेरचे भोजन’ तिथे एका मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर आहे. पण त्याची तिकिटे फार आधी काढावी लागतात आणि आत मिळतात मोजून पंधरा मिनिटे. ही म्हणाली, “पंधरा मिनिटं म्हणजे पुन्हा छत्रीच की!” मी मिलान खोडले.

मग सुरू झाला व्हिसाचा अध्याय. ज्यांना आमच्यासारखे स्वतंत्रपणे जायचे आहे, त्यांनी हा भाग जरा सावकाश वाचावा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तेव्हा शेवटच्या महिन्याची वाट पाहू नये. कोणत्या रात्री कुठे झोपणार, हे तारीखवार दाखवावे लागते. शिवाय किमान 30,000 युरोंचा आजारपणाचा विमा लागतो. शुल्क 2024 पासून मोठ्या माणसाला 90 युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. बोटांचे ठसे देताना हिची बोटे काही केल्या उमटेनात. तिथल्या मुलीने विचारले, “मावशी, भांडी घासता का?” ही म्हणाली, “बत्तीस वर्षं!” चौथ्या खेपेला ठसे उमटले.

आगगाड्यांचा अभ्यास माझ्याकडे होता. रोमहून फ्लॉरेन्सला वेगवान गाडी सुमारे दीड तासात नेते. आपल्या डेक्कन क्वीनला पुणे गाठायला तीन तासांहून अधिक लागतात, हे आठवून मी क्षणभर उदास झालो. या गाड्यांची तिकिटे जितकी आधी घ्यावी तितकी स्वस्त. मात्र स्वस्तातले तिकीट बहुधा परत करता येत नाही. गावोगाव थांबणाऱ्या साध्या गाड्यांची तऱ्हा निराळी. त्यांचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उठवून घ्यायचा. तसे केले नाही तर खिशात तिकीट असूनही दंड! ही ओळ हिने वहीत लाल शाईने लिहून घेतली.

तिची तपासणी कडक होती. मी फ्लॉरेन्सचे प्रसिद्ध उफीझी चित्रालय सोमवारी आणि व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी टाकली होती. “सोमवारी उफीझी बंद असतं,” ती म्हणाली, “आणि व्हॅटिकन रविवारी. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा उघडा.” मी वार बदलले. कचेरीत माझ्या हाताखाली अशी एक कारकून असती तर!

शेजारच्या नानांनी मात्र आम्हांला यथेच्छ घाबरवले. चोर फार, जेवण महाग, भाषा कळत नाही, आजारी पडलात तर काय? चोरांसाठी हिने पासपोर्टपुरती कापडी पिशवी शिवून माझ्या बनियनच्या आत अडकवली. आजारपणासाठी 112 हा संकटकाळचा क्रमांक वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला. जेवणासाठी तिने ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढे इटालियन पाठ केले. आणि बॅगेची परीक्षा तर आमच्या इमारतीच्या जिन्यातच झाली. व्हेनिसमध्ये मोटारी नाहीत. चारशेवर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. ज्याची बॅग त्यानेच उचलून तिसऱ्या मजल्यापर्यंत न्यायची, अशी अट ठरली. मी दुसऱ्या मजल्यावर बसलो. दोन सदरे, एक कोट आणि नानांनी दिलेली जाडी दुर्बीण घरी राहिली.

मे महिन्यात निघालो. ऑगस्ट आम्ही मुद्दाम टाळला होता. तेव्हा उकाडा फार आणि 15 ऑगस्टच्या सुमारास खुद्द इटालियन लोकच दुकाने बंद करून समुद्रावर जातात.

रोमच्या स्थानकावर उतरलो तेव्हा माझे डोळे सवयीने छत्री शोधू लागले. छत्री नव्हती. ही वही उघडून उभी होती. “डावीकडे,” ती म्हणाली, आणि आम्ही डावीकडे निघालो. ती वाट चुकीची निघाली; पण ती आमची स्वतःची चूक होती आणि तिच्या टोकाला कॉफीचे एक झकास दुकान लागले. तिथे उभ्याने कॉफी प्यायली तर स्वस्त, टेबलाशी बसलो तर महाग. आम्ही बसलो. बसण्यासाठीच तर आलो होतो! रस्तोरस्ती अखंड वाहणारे नळ आहेत, पाणी पिण्याजोगे आहे. बाटली तेवढी जवळ हवी.

पँथिऑन हे मंदिर सुमारे 1,900 वर्षांपूर्वीचे. त्याचा घुमट 43 मीटर रुंद आणि माथ्यावर मोठे भोक, आकाशाला उघडे. पाऊस सरळ आत पडतो आणि फरशीतल्या बारीक भोकांतून निघून जातो. मी रोमन स्थापत्याविषयी बोलू लागलो होतो. ही फरशीचा उतार निरखत म्हणाली, “आपल्या न्हाणीघराला हा उतार दिला असता तर!”

फ्लॉरेन्सला शिळा पाव, पांढऱ्या शेंगा आणि पालेभाजी घालून पुन्हा उकळलेले रिबोलिता नावाचे दाट सूप मिळते. शिळ्या पोळीला फोडणी देणाऱ्या माणसाला ते परके वाटत नाही.

आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही कश्शिने बागेच्या पश्चिम टोकाला गेलो. बाग आर्नोच्या काठाने लांबच लांब गेली आहे. चालणे बरेच होते. हिचे गुडघे बोलू लागले. वाटेत तीन बाकांवर बसलो. कोणी उठवले नाही. मग झाडांतून एकदम आपल्याकडची वाटावी अशी नक्षीदार छत्री दिसली आणि तिच्याखाली फेटा घातलेला, रंगवलेला अर्धपुतळा. शेजारून मोठा पूल जातो. त्यालाही या ‘इंडियन’चेच नाव आहे. एक बाई कुत्र्याला फिरवत होती, दोन पोरे सायकली टेकवून गप्पा मारत होती. पलीकडे छोटी मुन्योने आर्नोला मिळत होती.

ही बराच वेळ पुतळ्याकडे पाहत उभी राहिली. शेवटी एवढेच म्हणाली, “आपल्या अजितपेक्षाही लहान होता हो.” अजित आमचा धाकटा, पुण्याला नोकरी करतो, रोज रात्री आईला फोन करतो. तिने पर्समधून कोल्हापूरहून आणवलेली अंबाबाईच्या कुंकवाची पुडी काढली, चिमूटभर पायरीशी ठेवले आणि पदराने हात पुसले. आम्ही अंधार पडेपर्यंत तिथे बसलो. परतीच्या ट्रामची वेळ वहीत लिहिलेली होती. मी वही उघडलीच नाही.

घरी आल्यावर नानांनी विचारले, “किती ठिकाणं झाली?” मी म्हणालो, “तीन.” “बारा दिवसांत तीनच?” नाना हळहळले. पिसाला गेलो नाही म्हटल्यावर तर ते खुर्चीतून उठलेच.

परवा फराळाचे सामान लिहायला म्हणून हिने ती वही काढली. चकलीच्या भाजणीचे प्रमाण उतरवून झाले. मग तिने एक कोरे पान काढून वही माझ्यापुढे सरकवली.

“मागच्या खेपेला मी सांगितलं,” ती म्हणाली. “आता तुम्हांला कुठे जायचं आहे, ते लिहा.”

मी पेन हातात घेतले. पण बत्तीस वर्षांत मला तरी तो प्रश्न कोणी विचारला होता? चार दिवस झाले, पान अजून कोरेच आहे.