पांदणीवरची पारख

मध्यमवर्गीय घरांत मोटार घेण्याचा विचार निघाला म्हणजे पूर्वीं दोनच प्रश्न पुढें येत : किंमत काय, आणि तेल किती पिते? अलीकडे त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. गाडी ‘एसयूव्ही’ जातीची, म्हणजे उंच, रुंद आणि वाट असो वा नसो बेलाशक पुढें जाणारी असावी कीं नाहीं, हा तो प्रश्न होय. जाहिरातींत अशी गाडी वाळवंटांतून धूळ उडवीत धांवते, ओढ्याचें पाणी दुभंगते, आणि आंत बसलेलें कुटुंब मात्र हसतमुख असतें. आसनें कातड्याचीं, छप्पर कांचेचें, हवा थंडगार! इतकें ऐश्वर्य आणि इतका रांगडेपणा एका यंत्रांत खरोखरच नांदतो काय, कीं एकाचें नांव सांगून दुसरेंच विकलें जातें, याची शहानिशा करण्याचा प्रसंग आमच्या घरीं आला. पुष्कळ घरांतून हा विषय निघत असेल, म्हणून आम्हीं काय पाहिलें व कसें पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांत, नागपूर-अमरावती राष्ट्रीय महामार्गावर तळेगांव (श्यामजी पंत) हें गांव आहे. त्याच्या परिसरांत आमच्या एकत्र कुटुंबाची संत्र्याची बाग आहे. डांबरी रस्ता सुटला कीं बागेपर्यंत सुमारें दोन किलोमीटरांची पांदण. बागेंतल्या घरीं आमच्या आत्याबाई राहतात. वय ऐंशीच्या पुढें, मुलेंबाळें नागपूर-पुण्यास, पण बाग सोडून जाण्याची गोष्ट त्या कानावर येऊं देत नाहींत. गतवर्षीं श्रावणांत एका रात्रीं त्यांस दम लागला. पांदणींत कोणतीहि मोटार शिरूं शकेना. शेवटीं बंडी जुंपली आणि त्यांस डांबरी रस्त्यावर आणलें. दोन किलोमीटरांस दीड तास लागला. ईश्वरकृपेनें त्या बऱ्या झाल्या. परंतु तो दीड तास घरांतील कोणीहि विसरलें नाहीं.

त्यावरूनच आमच्या पुतण्यानें प्रस्ताव मांडला कीं, घराच्या सामाईक शिलकेंतून एक उंची एसयूव्ही घ्यावी. ती बागेपर्यंतहि जाईल आणि चार माणसांत शोभेलहि. शिल्लक म्हणजे बागेचें कित्येक वर्षांचें उत्पन्न. तेव्हां नुसत्या हौसेचा हा प्रश्न नव्हता.

या भागांतली जमीन ज्यांनीं पाहिली नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. दख्खनच्या काळ्या खडकाची झीज होऊन ही काळी माती बनली. तिच्यांतील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यांत आकसून जमिनीस भेगा पाडतात. कापसास ती माउली खरी. पण चाकास वैरीण! पावसांत ती टायरच्या खांचांत भरते, तेथेंच घट्ट बसते, आणि कांहीं पावलांत चाकाचा पाटा पोळपाटासारखा गुळगुळीत होतो. मग चाक जागच्या जागीं फिरतें आणि आपल्याच फिरण्यानें आपला खड्डा खोल करतें.

आमचे वडीलधारे अशा जमिनीसाठीं बैल कसा घेत, हें आम्हांस चांगलें आठवतें. आर्वी, आष्टी, कारंजा हा गौळाऊ जातीचा मुलूख. पांढरा, सडपातळ, पायाचा चपळ असा हा बैल. बाजारांत रंगविलेलीं शिंगें आणि झूल पाहून बैल घेणारा शेतकरी आम्हीं पाहिला नाहीं. ते खूर उचलून पाहत, बैलास चालवून पाहत, आणि जमल्यास जुंपूनहि पाहत. मोटारीच्या बाबतींत मात्र शहाणीं माणसेंहि शिंगांच्या रंगावर भाळतात, ही नवलाची गोष्ट आहे.

ऐश्वर्य आणि कणखरपणा यांचें मुळांतच वैर आहे, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत जीप प्रसिद्धीस आली. पुढें महिंद्रांनीं मुंबईंत तिची जुळणी सुरू केली. १९४८ सालीं इंग्लंडांत लँड रोव्हर निघाली. तीहि शेतकऱ्याच्या उपयोगाची, साधी व रुक्ष गाडी होती. पुढें १९७० सालीं त्याच घराण्यानें रेंज रोव्हर काढली : चारहि चाकांस कायमची शक्ति, लांब हेलकावे घेणाऱ्या स्प्रिंगा, आणि त्यासोबत बैठकीचें सुख. २००८ पासून तें घराणें टाटांच्या मालकीचें आहे. तेव्हां सुखासीन गाडी चिखलांत जातच नाहीं, हा समज खोटा. पण उंच दिसणारी प्रत्येक गाडी त्या कुळांतली, हा समज त्याहूनहि खोटा.

मग पारख कशी करावी? प्रथम हें पाहावें कीं, इंजिनाची शक्ति किती चाकांस मिळते. बाजारांतील पुष्कळ उंच गाड्यांत ती पुढच्या दोन चाकांसच मिळते. कांहींत पुढचीं चाकें घसरूं लागल्यावर क्लचच्या द्वारें मागच्यांस मिळते; ओल्या घाटांत ही सोय उत्तम, परंतु लांब चिखलांत तो क्लच तापून हात टेकण्याचा संभव असतो. शेतवाटेची गाडी म्हणवणारीस ‘लो रेंज’ गिअर असल्यास फार चांगलें. त्यानें चाक अत्यंत सावकाश पण दुप्पट-अडीचपट जोरानें फिरतें.

दुसरी गोष्ट डिफरन्शिअलची. वळणावर बाहेरचें चाक अधिक फिरावें लागतें, म्हणून हें यंत्र दोन चाकांस वेगवेगळें फिरूं देतें. परंतु एक चाक चिखलांत मोकळें सुटलें कीं तेंच गरगर फिरत राहतें आणि कोरड्या जमिनीवरचें चाक स्वस्थ उभें राहतें. दोहोंस एकत्र बांधणारें कुलूप असलें तर हा दोष जातो. नव्या उंची गाड्यांत सुटलेल्या चाकास आपोआप ब्रेक लावून दुसऱ्याकडे जोर वळविण्याची युक्ति असते. ती बऱ्याच वेळां पुरते.

तिसरी गोष्ट गाडीचें पोट आणि तिचे कोन. नुसती जमिनीपासूनची उंची पाहून भागत नाहीं. महिंद्रा थारची ती २२६ मिलीमीटर आहे. तितकी इतरहि गाड्यांची असेल. पण पुढचा बंपर लांब व खालीं आलेला असेल, तर चढ लागतांच नाक आपटतें. मागचा तसा असेल तर उतरतांना शेपूट अडकतें. दोन चाकांतलें अंतर फार असेल तर उंचवट्यावर पोट टेकतें. हे तिन्ही कोन माहितीपत्रकांत छापलेले नसतील, तर दोरी आणि मुलांचा कोनमापक घेऊन अंगणांत मोजतां येतात.

चौथी गोष्ट पाण्याची. थारला ६५० आणि हवेच्या स्प्रिंगांच्या नव्या डिफेंडरला ९०० मिलीमीटर खोल पाणी चालतें, असें त्यांचे कारखानदार सांगतात. तो आंकडा वाहत्या पाण्यास लावूं नये. दोन फूट वाहतें पाणी बहुतेक मोठ्या गाड्यांसहि ओढून नेतें. नाल्यास पूर असतां थांबणें, हाच येथें एकमेव नियम होय.

इतकें वाचून व ऐकून आम्हीं प्रत्यक्ष परीक्षा ठरविली. पुतण्याच्या एका मित्राकडे अशी उंची गाडी होती. तो आनंदानें स्वतःच ती चालवीत घेऊन आला. श्रावणाचे दिवस, दोन दिवसांच्या पावसानंतरची उघडीप. पलीकडच्या टोकास शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर उभा करून ठेवला. आधीं आम्ही सर्वजण पांदण पायीं चालून गेलों. आम्हांस भय होतें तें नाल्याच्या उतरणीचें. तेथें बंडीच्या चाकोऱ्या तिरप्या पडल्या आहेत. गाडी तेथें आली. एक चाक हवेंत उचललें गेलें. क्षणभर तें गरगर फिरलें, खालून कुरकुर असा आवाज आला, आणि गाडी शांतपणें वर चढली. पुतण्याचा चेहरा फुलला. खरें सांगावयाचें तर आम्हांसहि कौतुक वाटलें.

त्यापुढें एक सपाट पट्टा लागतो. ना चढ, ना दगड. मुलें तेथें खेळतात. त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या जागीं, पन्नास पावलांच्या आंत, गाडी पोटापर्यंत बसली. चारहि चाकें प्रामाणिकपणें फिरत होतीं. परंतु धरावें काय? आमच्या सालदारानें वांकून टायरवर हात फिरविला आणि म्हणाला, “मालक, हे चाक पाहा ना जी. याले दातच नाहीत, मग चिखल काय चावन?” टायर रस्त्याचे, रुंद, पातळ काठाचे, वीस इंची रिमांवर बसविलेले. हवा कमी करावी तर काठ इतका पातळ कीं रिम टेकण्याची भीति. दोर बांधण्याची कडी कोठें दिसेना. ती हत्यारांच्या पेटींत होती, आणि बंपरावरची झांकणी काढून फिरवून बसवावी लागली. ट्रॅक्टरनें गाडी ओढून काढली. मित्र बिचारा चाकांपेक्षां रंगावरच्या ओरखड्यांकडे अधिक पाहत होता. त्यांत त्याचा काय दोष? पाऊण कोट रुपयांच्या वस्तूकडे माणूस आणखी कशानें पाहील?

रात्रीं ओसरीवर बैठक बसली. पुतण्या म्हणाला, “काका, टायर बदलले असते तर गाडी निघाली असती.” हें म्हणणें खरें होतें, आणि तें आम्हीं मान्य केलें. परंतु चिखलाचे टायर घातले कीं महामार्गावर त्यांचा घोंगावा होतो, आणि ज्या सुखासाठीं इतका पैसा मोजावयाचा तेंच उणें होतें. दोन्ही टायर बाळगून ऋतूप्रमाणें बदलावे, असाहि विचार निघाला. इतक्यांत वहिनी म्हणाल्या, “तें सगळें खरें, भाऊजी. पण आत्याबाईंना ज्या रात्रीं दम लागेल, त्या रात्रीं गाडी कुठें असेल?”

ती पुण्यास असेल. सहाशें किलोमीटरांच्या वर. यावर कोणाजवळ उत्तर नव्हतें.

आत्याबाई आंत वाती वळीत होत्या. त्या तेथूनच म्हणाल्या, “मला न्यायला जी येईल ती माझी गाडी. तिला यायला वाट करा म्हणजे झालें.”

म्हणून सामाईक शिलकेंतला एक भाग पांदणीवर घालावा असें ठरलें. पांदणीवर ज्यांचीं वावरें आहेत त्या शेजाऱ्यांनींहि वांटा उचलला. अशा वाटांसाठीं राज्य सरकारनें २०२१ सालीं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली आहे. तिच्याखालीं ग्रामपंचायतीकडे अर्जहि दिला. पुतण्यानें आपली हौस सोडलेली नाहीं, आणि सोडावी असें आमचें म्हणणेंहि नाहीं. तो स्वतःच्या पैशानें गाडी घेईल तेव्हां वर सांगितलेल्या चार गोष्टी पाहील, टायरला पांचवें आणि सर्वांत वरचें स्थान देईल, आणि ज्या वाटेनें जावयाचें ती वाट आधीं पायीं चालेल, एवढें त्यानें कबूल केलें आहे.

यंदा मृगापूर्वीं निम्म्या वाटेचें काम झालें. पहिला मुरूम पडला तो त्या सपाट पट्ट्यावर. नाल्याच्या उतरणीवर सिमेंटच्या नळ्या बसावयाच्या आहेत. तें झालें म्हणजे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दारापर्यंत येऊं शकेल. तोंवर गोठ्याशेजारीं बंडी वंगण घालून तयार ठेवलेली असते.