काट्यामागची वायर

जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की माझी नजर आधी तापमानाचा सेन्सर शोधते. कार्ब्युरेटर, रंग, क्रोम सगळं नंतर. सिलिंडर हेडच्या पुढच्या अंगाला, थर्मोस्टॅटच्या आसपास, पितळेचा एक छोटा तुकडा आट्यांत घट्ट बसवलेला असतो आणि त्याच्या डोक्यावरून एकच वायर निघते. डॅशबोर्डवरचा काटा जे काही सांगतो ते या तुकड्याच्या भरवशावर. काट्याशी माझी ओळख लहानपणीची. त्याच्यामागची वायर समजायला मात्र अर्धं आयुष्य गेलं.

मामांची अँबॅसेडर नाशिकहून भाड्याने धावायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईहून परतताना ते मला पुढे बसवून घेत. कसारा घाट सुरू झाला की म्हणत, ‘‘अगं, रस्ता मी बघतो, तू काटा बघ.’’ मे महिन्याची दुपार, गाडीत सहासात माणसं, वर कॅरियरवर ट्रंका. काटा तांबड्या खुणेकडे सरकला की मी ओरडायचे आणि मामा कडेला सावली बघून गाडी लावायचे. रेडिएटरच्या झाकणाला लगेच हात लावायचा नाही, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हे नियम मला पाढ्यांसारखे पाठ होते. आणखी एक गोष्ट ते बजावत : ‘‘चढावर काटा एकदम खाली आला तर खूश होऊ नकोस. तेव्हाच खरं घाबरायचं.’’ कारण मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

ते कारण पुण्यात इंजिनिअरिंग करताना हाती लागलं. सेन्सरच्या पोटात थर्मिस्टर असतो. तो तापला की त्याचा रोध कमी होतो, वायरीतून जास्त प्रवाह वाहतो आणि काटा वर चढतो. मोटारींत सर्रास दिसणाऱ्या एका जातीच्या सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे २५०० ओहम असतो आणि ८० अंशांना ३०० च्या आसपास येतो. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने सोडलेला सेन्सर, शेजारी थर्मामीटर आणि हातात मल्टिमीटर, एवढ्या सामग्रीवर हा खेळ कुणालाही घरी पाहता येतो. पण सेन्सर ताप मोजतो तो त्याला भिजवणाऱ्या पाण्याचा. नळी फुटून पाणी निघून गेलं की तो वाफेत आणि हवेत नुसता लोंबकळत राहतो. इंजिन भाजून निघत असताना काटा निवांत खाली येतो. मामांनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं. कुठल्या तरी घाटात गॅस्केट उडालेली पाहून ते शिकले असणार.

पुढे नोकरीने मला इंग्लंडला, ऑक्सफर्डजवळ आणलं. स्थिरस्थावर झाल्यावर मी १९७७ सालची एमजीबी घेतली. दोन आसनांची, कापडी टपाची ही स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात जवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली. सगळ्या प्रकारच्या मिळून पाच लाखांहून अधिक एमजीबी तिथून बाहेर पडल्या. तिच्या इंजिनाला बी-सिरीज म्हणतात आणि ते १७९८ सीसीचं आहे. याच बी-सिरीजचं १४८९ सीसीचं इंजिन मॉरिस ऑक्सफर्ड या मोटारीत होतं, आणि त्या मॉरिसचीच बंगालमधल्या उत्तरपाड्यात अँबॅसेडर झाली. म्हणजे मामांच्या टॅक्सीचं आणि माझ्या गाडीचं इंजिन एकाच घराण्यातलं. बॉनेट पहिल्यांदा उघडलं तेव्हा मला काही परकं वाटलंच नाही.

सुरुवातीच्या एमजीबींत तापमानाला वायरच नव्हती. ईथर भरलेली तांब्याची बारीक नळी इंजिनापासून थेट डॅशबोर्डपर्यंत जायची. उष्णतेने आतला दाब वाढला की काटा हलायचा. माझ्या गाडीत वीज आली आहे, आणि तिथे तापमानाशी संबंधित दोन गोष्टी एकमेकींपासून ओळखाव्या लागतात. सिलिंडर हेडवरचा सेन्सर काट्यासाठी. त्याला वायर एकच, कारण परतीची वाट त्याच्या पितळी अंगातून, इंजिनातून, अर्थिंगच्या पट्टीने गाडीच्या सांगाड्यात जाते. म्हणूनच त्याच्या आट्यांवर टेपचे वेढे घातले की अर्थिंग कच्चं होऊन काटा ताप कमी दाखवू शकतो. दुसरी वस्तू रेडिएटरच्या वरच्या भागात रबरात बसवलेली, दोन वायरींची. तो पंख्याचा थर्मोस्विच. तो काही मोजत नाही. ठरलेल्या तापाला जुळतो आणि गार झालं की सुटतो, एवढंच त्याचं काम.

वायरी रंगावरून ओळखायच्या. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत मूळ रंग आणि त्यावर बारीक रेघ अशी पद्धत होती. तपकिरी वायर बॅटरीची, किल्ली बंद असली तरी जिवंत. पांढरी किल्लीनंतरची, हिरवी फ्यूजनंतरची, काळी अर्थिंगची. तापमानाच्या सेन्सरची हिरव्यावर निळी रेघ, पेट्रोलच्या टाकीची हिरव्यावर काळी. पण इतक्या वर्षांची उष्णता आणि तेल खाऊन सगळ्या वायरी एकाच मातकट रंगाच्या होतात. अशा वेळी वायरींच्या जुडग्यावरची, म्हणजे हार्नेसवरची टेप बोटभर मागे सोलायची. तिथे ऊन पोचलेलं नसतं, तेलही नसतं. माझ्या गाडीत टेपखालून हिरवा रंग कोवळ्या पानासारखा निघाला आणि त्यावरची निळी रेघ केसाइतकी बारीक, पण अखंड होती.

हे सगळं शोधावं लागलं ते काट्यामुळेच. गाडी घेतली तेव्हा तो सतत वर राहायचा. कुणी रेडिएटर बदला म्हणालं, कुणी हेड उघडा. मला खटकत होतं ते हे, की पेट्रोलचा काटाही नेहमी हवा त्यापेक्षा वरच असायचा. इंजिन आणि टाकी दोघांना एकदम ताप येईल कसा? दोन्ही काट्यांना वीज एकाच डबीतून मिळते. आतली दोन धातूंची पट्टी तापून-निवून प्रवाह सारखा तोडते-जोडते आणि सरासरी १० व्होल्ट पुढे पाठवते. ती डबी ज्या स्क्रूने बसवलेली असते त्या स्क्रूतूनच तिचं अर्थिंग होतं. माझ्या डबीचा स्क्रू गंजला होता, त्यामुळे पट्टी काम करत नव्हती आणि बॅटरीचा पूर्ण दाब दोन्ही काट्यांवर येत होता. पॉलिश पेपरने खालचा पत्रा चकचकीत केला, नवा स्क्रू बसवला. दोन्ही काटे आपापल्या जागी आले. इंजिनाचा एक नटही सैल करावा लागला नाही.

तेव्हापासून कुठलाही आकडा समोर आला की तो कुठून निघाला, वाटेत कुणाकुणाच्या हातातून आला, हे मी आधी पाहते. आईचे रिपोर्ट असोत की कामावरचे अहवाल. आकड्याला घाबरण्याआधी आणि त्याने निर्धास्त होण्याआधीही त्याची वायर मुळापर्यंत तपासणं हे मला प्रेमाचंच काम वाटतं. ज्याची काळजी आहे त्याच्याबद्दल ऐकीव माहितीवर थांबू नये.

मामा गेले, अँबॅसेडरचं उत्पादनही २०१४ मध्ये थांबलं. माझी एमजीबी अजून रस्त्यावर आहे आणि माझ्यानंतरही कुणीतरी ती चालवेल. त्या माणसासाठी मी ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही ठेवली आहे. कुठली वायर कुठून कुठे जाते, कुठे जोड मारला आहे, कुठल्या स्क्रूवर अर्थिंग आहे, सगळं चित्रासह. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे : रोज सकाळी, इंजिन गार असताना, झाकण उघडून पाणी डोळ्यांनी पाहावं. काटा त्यानंतर वाचावा.