छत्री, केबल आणि स्कॅन

बारामती-इंदापूरच्या वाड्या-वस्त्यांवर मासिक पैसे न भरता टीव्ही दाखवणारी छत्री म्हणजे डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची ही सेवा जीसॅट-१५ उपग्रहावरून मिळते. बारामतीहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर असतो. छत्रीची तबकडी मात्र बरीच उभी दिसते. ती दिसते त्याहून वर पाहत असते, आणि अंदाजाने फिरवणारे इथेच फसतात.

मोजकीच चॅनेल गेली असतील तर छत्रीला हात लावूच नये. फ्री डिशवरील जागांच्या लिलावानंतर चॅनेलच्या जागा बदलतात. सेट टॉप बॉक्सवर ऑटो स्कॅन केले की नवी यादी येते. सगळीच गेली तर आधी केबल पाहावी. तबकडीसमोर दांडीवर बसवलेल्या एलएनबीच्या (सिग्नल घेणाऱ्या भागाच्या) तोंडाशी कनेक्टरमध्ये पावसाचे पाणी शिरते, आतली तार हिरवट पडते. तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर बसवावा, वर टेप गुंडाळावी. वाऱ्याने छत्री हललेली असेल तर बोटभर सरकवून थांबावे, कारण सिग्नलचा आकडा उशिरा बदलतो. समोर वाढलेला नारळ किंवा आंबाही सिग्नल अडवतो. मुसळधार पावसात गेलेले चित्र ढग सरले की आपोआप परतते. अशा पावसात निसरड्या पत्र्यावर चढणे जिवावर बेतू शकते.